दोन तासांची सुट्टी

(द्वितीय वर्ष, कला)

ह्या वर्षीच्या अंकासाठी कोणत्या विषयावर लिहितोस असे मित्रांनी विचारले, तेव्हा मी 'गरोदरपणातला मधुमेह' असे सांगितले आणि सगळे हसले. एक जण म्हणाला, "अरे, हा विषय मुलींचा. तू कशाला?" दुसऱ्याने दुरुस्ती केली, "मुलींचाही नव्हे, डॉक्टरांचा." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते येथे लिहीत आहे.

माझी वहिनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात शिलाईला जाते. काम नगावर असते. जितक्या टॉवेलांच्या कडा दुमडून शिवल्या तितके पैसे. तिला पहिल्या खेपेचा सहावा महिना चालू असताना दवाखान्यातील सिस्टरने सांगितले, "साखरेची तपासणी करायची आहे. ग्लुकोजचे पाणी प्यायचे आणि दोन तास थांबायचे." वहिनीने विचारले, "दोन तास हितंच?" उत्तर आले, "हो, इथेच." जाण्यायेण्याचा वेळ धरला तर अर्धा दिवस गेला, आणि त्या कारखान्यात अर्ध्या दिवसाची सुट्टी नसतेच, गेलात की पूर्ण दिवसाचा खाडा. त्यातून त्या आठवड्यात ऑर्डर निघायची होती. वहिनी घरी येऊन म्हणाली, "फुडच्या महिन्यात करू की. मला काय हुतंय? बारीक तर हाय मी." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने, दादाने आणि मीही.

पुढचा महिनाही तसाच गेला. तपासणी झाली ती नवव्या महिन्यात, पायांवर सूज दिसली म्हणून. साखर २१० निघाली. आठ दिवसांच्या आत सिझेरियन करावे लागले. मुलगा झाला, वजन चार किलो दोनशे ग्रॅम. वॉर्डातल्या बायका "केवढं गुटगुटीत बाळ!" म्हणून बघायला आल्या. पण दोन-तीन तासांतच ते बाळ थरथरू लागले, दूध ओढेना, अंग सैल पडले. त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरली होती. पुढचे पाच दिवस ते काचेच्या पेटीत होते. दादाला मागावरून उठता येत नव्हते आणि घरात फॉर्म भरता येणारा मी एकटा, त्यामुळे ते पाच दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढले. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. आईची साखर जास्त होती तर बाळाची कमी कशी झाली, असे मी विचारले तेव्हा त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून मला समजावून दिले. नंतर पुस्तकांतूनही मी ते पडताळून पाहिले.

गोष्ट अशी आहे. गर्भ वाढू लागला की वारेतून जे स्राव निघतात त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्शुलिनचा परिणाम कमी पडू लागतो. म्हणजे साखर पेशींत पोचवायला नेहमीपेक्षा जास्त इन्शुलिन लागते. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड हे वाढीव काम पेलते. काहींचे पेलत नाही आणि मग रक्तातली साखर चढते. हे बहुधा चोविसाव्या आठवड्यानंतर दिसून येते. आता ह्यातला पेच पाहा. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. बाळाला मिळते ती नुसती साखर. ती पचवण्यासाठी बाळाचे इवलेसे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन तयार करू लागते. त्या इन्शुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते, ते जाड होते. जन्माच्या वेळी डोके बाहेर आले तरी खांदे अडकू शकतात. मग नाळ कापली जाते. साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, इन्शुलिनचा कारखाना मात्र चालूच असतो. म्हणून बाळाची साखर कोसळते. आमच्या मुलाचे हेच झाले होते. वेळेवर ध्यानात आले नाही तर झटके येतात, मेंदूला इजा होते. पोटात असतानाच शेवटच्या आठवड्यांत बाळ दगावण्याचा धोकाही अशा गरोदरपणात जास्त असतो. आणि एखादीला दिवस राहण्यापूर्वीच मधुमेह असेल व तो आटोक्यात नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच, म्हणजे पुष्कळदा तिला स्वतःला कळण्याच्याही आधी, बाळाच्या हृदयात किंवा मणक्यात व्यंग राहू शकते.

आणि ह्या सगळ्याचे बाहेरून लक्षण काय? बहुतेक वेळा काहीच नाही. थकवा येतो, तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते. पण ते तर प्रत्येकच गरोदर बाईला होते. त्यामुळे 'मला काय होतंय' ह्या वाक्याला येथे काहीच किंमत नाही. रक्त तपासल्याशिवाय हा आजार सापडत नाही.

बारीक असण्याचेही तसेच. मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरचा, बसून खाणाऱ्यांचा आजार अशी आपली समजूत आहे. ती खरी असती तर माझा हा लेख येथेच संपला असता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची; इंग्लंडमधल्या बाळांची सरासरी होती ३.५ किलो. पण नीट मोजले तेव्हा दिसले की आपल्या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने कमी नाही. दिसायला बारीक, आतून जाड. अशा शरीरात मधुमेहाची तयारी जन्मापासूनच असते. म्हणजे वहिनी बारीक आहे हे तिला साखर नसल्याचे कारण नव्हतेच. म्हणून तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत धोका असलेल्या बायका निवडून तपासा असे म्हटलेले नाही, प्रत्येक गरोदर स्त्रीला तपासा असे म्हटले आहे, आणि तेही दोनदा: पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान. त्याच सूचनांत भारतातले प्रमाण शंभर गरोदर स्त्रियांत दहा ते चौदा असे दिलेले आहे. एका शिलाईखात्यात वर्षभरात दहा जणींना दिवस गेले तर त्यातल्या एकीची गोष्ट वहिनीसारखी असू शकेल.

आता आपल्या एमआयडीसीकडे वळतो. ही वसाहत सहसा बातमीत येत नाही. १८ मे २०२५ रोजी तेथल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागून आठ माणसे गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने अक्कलकोट रोडचे नाव ऐकले. आग सगळ्यांना दिसते. टॉवेल आणि चादर ह्यांवर सोलापूरचे नाव आहे, दोघांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण त्या टॉवेलाची कांडी कोणी भरली, कडा कोणी शिवल्या, तपासून घडी कोणी घातली, तर बहुतेक बायकांनी. रस्ता तसाच पुढे गेला की कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहती लागतात. २००६ साली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांचे वाटप झाले. तेथे घराघरांत बायका सूप मांडीवर घेऊन दिवसभर एका जागी बसून विड्या वळतात. त्यांना तर सुट्टी देणारा मालकही समोर नाही. हजाराचा हिशोब पुरा झाला नाही तर मजुरी कमी, एवढेच.

बायकांचा निष्काळजीपणा हे ह्याचे कारण आहे असे सुशिक्षित लोक म्हणतात. मीही बाकावर बसेपर्यंत मनातून तसेच समजत होतो. आता मला ते पटत नाही. तपासणी फुकट आहे, औषध फुकट आहे, पण त्यासाठी लागणारे दोन तास फुकट नाहीत. ते विकत घ्यावे लागतात आणि त्यांची किंमत एका दिवसाची मजुरी आहे. सरकारने ग्लुकोजची पुडी दिली, सुई दिली, यंत्र दिले. ते दोन तास कोणीच दिले नाहीत.

कायदा आहे ना, असे आमचे राज्यशास्त्राचे सर म्हणाले. आहे. १९६१ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, २०१७ साली त्यातली बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली. हे फार मोठे काम झाले ह्यात शंका नाही. परंतु कारखान्यात निदान दहा माणसे असावी लागतात ही अट आहे, आणि आमच्याकडे चार-सहा मागांच्या शेड किती आहेत हे कोणीही चालत जाऊन मोजावे. शिवाय रजा मागायची तर आधी दिवस गेल्याचे सांगावे लागते. माझ्या वहिनीने पाचव्या महिन्यापर्यंत पदर सावरून ते झाकून ठेवले होते. कळले तर "आता घरीच बस" म्हणतील अशी भीती. जी बाई आपण गरोदर असल्याचेच सांगू शकत नाही, ती तपासणीसाठी दोन तास कशी मागणार?

मालकांची बाजूही मी ऐकली आहे. त्यातले पुष्कळ जण स्वतःच एके काळी मागावर उभे राहिलेले आहेत. सुताचा भाव, विजेचे बिल, वेळेवर न सुटणारे पैसे, ह्यात ते पिचलेले असतात. पण दोन तास म्हणजे काय, ह्याचा हिशोब वहिनीला बसवून मी कागदावर मांडला. एका बाईचे दोन तास, नऊ महिन्यांत दोन वेळा. त्या वेळात ती जितके टॉवेल शिवते त्याची मजुरी मालकाला जड जाईल अशी नाही. उलट सिझेरियन झालेली कसबी शिलाईवाली चार-सहा महिने यंत्रावर बसू शकत नाही, हे नुकसान कोणाचे? आमच्या घरी तर त्या पाच दिवसांचे कर्ज अजून फिटायचे आहे.

आणि खरे म्हणजे बाईने दवाखान्यात जायलाच हवे असे तरी कोठे आहे? आपल्याकडची ही तपासणी मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ह्यासाठी जन्मभर खटपट केली. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, आपल्या देशात ह्याच आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. उपाशी राहण्याची गरज नाही. जेवून आलेली असो की न जेवता, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज तांब्याभर पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तास बसायचे, बोट टोचून थेंबभर रक्त यंत्राला लावायचे. १४० किंवा त्याहून जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह. हे नर्सबाई करू शकतात. त्यासाठी बाक, पाणी आणि सावली एवढेच लागते. एमआयडीसीच्या चौकात वाहनांचे पी.यू.सी. काढून देणारी गाडी उभी असते. मग अशी एक गाडी का उभी राहू नये?

साखर निघालीच तर पुढे फार मोठे काही करावे लागते असेही नाही. पहिले दोन आठवडे आहार आणि चालणे. तेवढ्याने जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली राहिली तर तेच पुढे चालू ठेवायचे. नाही राहिली तर गोळ्या किंवा इन्शुलिन. इन्शुलिनचे नाव काढले की घरात रडारड सुरू होते. पण टोरांटोत १९२१ साली इन्शुलिन सापडण्यापूर्वी मधुमेही स्त्री गरोदर राहिली तर ती किंवा तिचे बाळ, कित्येकदा दोघेही, हाती लागत नसत. ते इंजेक्शन बाळापर्यंत पोचत नाही, म्हणून तर ते गरोदरपणात सुरक्षित आहे.

आहाराबद्दल मात्र मला तक्रार करायची आहे. वहिनीला दवाखान्यातून जो छापील कागद मिळाला त्यात सफरचंद, ओट्स आणि सॅलड होते. कागद मराठीत होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या पद्मशाली बाईला तेलुगू वाचता येते, मराठी नाही. तिने तो कागद भाकरी गुंडाळायला वापरला आणि त्यात तिचे चुकले असे मला वाटत नाही. आमच्या भागात ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळ, उसळ, मेथीची नाहीतर चुक्याची भाजी हे असते, आणि ह्याच ताटात बसवून सांगता येण्यासारखे पुष्कळ आहे. भाकरीने साखर वाढतच नाही ही समजूत चुकीची; भाकरीचीही साखरच होते. फक्त ती एका वेळी तीन-चार न खाता थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा विभागून आणि डाळ-उसळीबरोबर खायची. भात कमी. चहा बिनसाखरेचा. हे शेवटचे सर्वांत अवघड, कारण कारखान्यात चहा साखर घालूनच किटलीतून येतो आणि दोन वेळचा तो चहा हीच तेथली एकमेव विश्रांती आहे. गुरुवारचा उपास तर आमच्या रस्त्यावर घरोघरी असतो. स्वामींवर माझीही श्रद्धा आहे, पण दिवसभर पोट रिकामे ठेवून मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली की गरोदर बाईची साखर कोठे जाते हे यंत्र लावून पाहावे. आणि 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' म्हणून डोहाळजेवणात जिलबीवर जिलबी वाढणाऱ्या आयाबायांत माझी आई पहिली होती. तिला दोष देत नाही. तिच्या वेळी पोटभर मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

साखर एकटी येत नाही. तिच्याबरोबर रक्तदाबाचा धोका वाढतो, आणि वहिनीच्या पायांवरची सूज त्याचीच होती. १४०/९० च्या वर दाब, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही झटक्यांची पूर्वसूचना असू शकते, आणि त्या झटक्यांत आई जाते. रक्त कमी असणे तर आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की त्याला कोणी आजार मानतच नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली होती. लोहाची लाल गोळी घरोघरी पोचते आणि पुष्कळ घरांत ती डब्यातच राहते, कारण ती घेतली की मळमळते. दाबपट्टी बांधायला दोन मिनिटे लागतात. बाई दोन तास बाकावर बसलीच आहे तर हेही त्यातच होऊन जाईल.

आणखी एक गोष्ट कोणी लिहीत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलगी जाते आणि तिचे कागद सासरी राहतात, किंवा कागद जातात पण ते वाचणारे कोणी नसते. बाळंतपण झाले, साखर उतरली, 'गेला बाई आजार' म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. वास्तविक सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासणी करायची असते आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहायची असते. कारण जिला गरोदरपणात साखर झाली तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट आहे. त्या सहाव्या आठवड्यात बाई माहेरी असते, अंगावर पिते बाळ असते, आणि तपासणी पुन्हा दोन तासांची असते.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. तारीख ठरलेली आहे, तेव्हा माझे म्हणणे एवढेच: एमआयडीसीतील कारखान्यांनी नऊ तारखेला सकाळचे दोन तास गरोदर कामगार स्त्रियांना मजुरी न कापता द्यावेत आणि महापालिकेने त्या दिवशी नर्सबाई वसाहतीत पाठवाव्यात. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना दर वर्षी शिबिरात झाडे लावते, रस्ते झाडते. त्यातली दहा मुले-मुली नऊ तारखेला तेथे नावे लिहून घ्यायला, केसपेपर भरायला, तेलुगू आणि कन्नडमध्ये समजावून सांगायला उभी राहू शकतात. तेलुगू बोलणारे आपल्या वर्गातच किती तरी आहेत. प्राचार्यांना मी अर्ज दिला आहे. माझ्या हसणाऱ्या मित्रांपैकी एकाने त्यावर सही केली; त्याची बहीण विड्या वळते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

ज्या आनंदीबाई जोशींच्या धैर्याबद्दल आपण वक्तृत्व स्पर्धेत बोलतो, त्यांचे चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले होते आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. त्यांना हा विषय कोणाचा असे कोणी विचारले असेल का?

वहिनीची सहा आठवड्यांची तपासणी बाळ दहा महिन्यांचे झाल्यावर झाली. मीच तिला घेऊन गेलो. उपाशीपोटी एकदा रक्त घेतले, पाणी प्यायला दिले आणि आम्ही बाकावर बसलो. बाळ माझ्या मांडीवर झोपले होते. दोन तासांत वहिनीने पंचवीस वेळा तरी घड्याळ पाहिले असेल. दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्ताचा आकडा १५२ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहेस. वर्षाला येत जा." वहिनी हो म्हणाली आणि बाहेर आल्यावर मला विचारले, "भावजी, फुडच्या वर्षी बी खाडाच पडंल की हो?"